सतरा नंबर

सराफ बाजारात विसपुत्यांच्या दुकानात
भिंतीवर एक रेघ आहे,
पुराचं पाणी कुठवर चढलं होतं त्याची.
रेघेच्या खाली आम्ही दोघं बसलो,
म्हणजे तसे बुडालेलेच.

प्रणीतच्या मनात गुलाबी होता.
त्याच्या मामेबहिणीच्या बोटात तसा आहे, पुण्यात.
विसपुत्यांनी कागदाची घडी उलगडली.
आत साबुदाण्याहून बारीक, गुलाबी.
किंमत ऐकून प्रणीतने
फोनमधला कॅल्क्युलेटर उघडला, मिटला,
आणि पंख्याकडे बघत राहिला.

निळ्याची किंमत आम्ही विचारलीच नाही.
हिरव्याला मी बघताक्षणी नको म्हटलं.
हिरवं मी दिवसभर बघते.

पिंपळगावच्या पॅकहाउसमध्ये माझं कामच ते.
प्लास्टिकच्या पट्टीला भोकं असतात, सोळा, अठरा, वीस,
द्राक्षाचा मणी त्यात घालून बघायचा.
आरपार पडला तर लहान,
अडकला तर चालला जहाजात.
शिवाय रंगाचा तक्ता, टेबलाला चिकटवलेला:
हिरवा हवा, दुधाळ हिरवा.
ऊन लागून पिवळट पडलेला घड
बाजूच्या क्रेटमध्ये, लोकल मार्केटला.
तोच सगळ्यात गोड
हे टेबलावरच्या सगळ्या बायांना माहीत आहे,
तक्त्याला नाही.

म्हणून मी विचारलं, पिवळा आहे का?

विसपुते खुलले. गंमत आहे बघा, म्हणाले,
पांढऱ्या हिऱ्यात पिवळी झाक दिसली
की आम्ही भाव पाडतो, एकेक पायरी.
झाक वाढत वाढत पुरता पिवळा झाला
की त्याचाच भाव चढतो.
मधल्या वाटेवरचे बिचारे कुणाचेच नाहीत.

आणि पिवळा होतो कशाने?
नत्राने.

आम्ही दोघं फिसकन हसलो.
दिंडोरीला प्रणीतचं खताचं दुकान आहे,
नत्र तो पोत्याने विकतो.

मग त्यांनी वरचे दिवे बंद केले.
दिव्याखाली काय, काचही चमकते, म्हणाले.
उरला तो दारातून आलेला उजेड,
समोरच्या पितळी भांड्यांना घासून आलेला.
त्यात तीन खडे:
एक लिंबाच्या सालीसारखा, एक हळदीचा,
आणि एक ना धड पिवळा ना धड पांढरा,
कडेला जरासा तपकिरी,
मार्चच्या उन्हात राहिलेल्या मण्यासारखा.

हा, मी म्हटलं.

विसपुते प्रामाणिक माणूस. म्हणाले,
ताई, परत विकायला आणलात तर याला भाव येणार नाही.
प्रणीत म्हणाला, आमच्याकडे पाटीच आहे,
विकलेला माल परत घेतला जात नाही.
दिवसभरात तो एवढंच एक चांगलं बोलला,
पण तेवढ्यावर मी आणखी दोन वर्षं काढेन.

आईला फोन केला.
पिवळा? मग पुष्कराज घ्या की,
निदान गुरू तरी सुधारेल.

बोटाच्या मापाला त्यांनी कड्यांचा झुबका काढला.
बारा नंबर नखाशीच नाही म्हणाला.
चौदा सांध्याला येऊन थांबला,
आठ हंगाम कात्री धरून तो सांधा
गाठीसारखा झालाय.
मी हात मागे घेणार होते.
प्रणीतने साबण मागितला नाही, तेल मागितलं नाही,
फक्त म्हणाला, पुढचा बघा.
सतरा.
विसपुत्यांनी चिठ्ठीवर लिहिलं, आठ दिवसांनी या.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत
मी पट्टीच्या अठराच्या भोकात बोट घातलं.
गेलं, आणि सांध्यापाशी अडकलं.
शेजारून मंदाबाई वाकून बघत होती.
काय गं, कुठली ग्रेड लागली?

पट्टी बोटातच होती.
त्याच बोटाने मी
बाजूचं क्रेट दाखवलं.